ब्राउझरमध्ये ग्रुपने मिळून आपल्या गोदाघाटाचं थ्रीडी जग बांधायचंय, त्याचं एडिटर टूल कसं डिझाइन करू?

रेंडरिंगचं टेन्शन घेऊ नका, ब्राउझरात थ्रीडी दाखवणाऱ्या थ्रीजेएस किंवा ए-फ्रेम या तयार लायब्ररींपैकी एक घ्या, मॉडेल जीएलटीएफ या थ्रीडी फाइल फॉरमॅटमध्ये ठेवा, झालं. खरा घोळ होतो तो दोघांनी एकाच वस्तूला एकाच वेळी हात लावला की. समजा पंचवटीतला मित्र नारोशंकराची घंटा सरकवतोय आणि तेवढ्यात सिडकोत बसलेली मैत्रीण त्याच घंटेचा रंग बदलतेय, आता अख्खी घंटा एकाच तुकड्यात सेव्ह होत असेल तर ज्याचं नंतर पोचलं त्याचं राहिलं, दुसऱ्याचं काम गेलं. म्हणून जागा, रंग, साइज सगळं वेगवेगळं ठेवा आणि सीआरडीटी वापरा, म्हणजे अनेकांचे एकाच वेळचे बदल आपोआप एकत्र करणारी डेटा ठेवायची पद्धत; त्यासाठीची वायजेएस ही लायब्ररी फुकट आहे आणि मधेच नेट गेलं तरी परत आल्यावर बदल आपोआप जुळतात. जागेचे एक्स-वाय-झेड हे तीन आकडे मात्र एकत्रच ठेवा हां, नाहीतर एकाचा एक्स न दुसऱ्याचा झेड लागून घंटा थेट गोदावरीत.

अनडू ज्याचा त्याचा हवा! माझ्या कंट्रोल-झेडने तुमची भिंत पडली तर परत कोण कशाला येईल बांधायला. वायजेएसच्या अनडूमॅनेजरमध्ये ही सोय आहे. कोणाचा कर्सर कुठंय, कोणी काय धरलंय हे सेव्ह होणाऱ्या डॉक्युमेंटमध्ये घालूच नका, वायजेएसच्या अवेअरनेसमधून, म्हणजे सेव्ह न होणाऱ्या तात्पुरत्या माहितीच्या वाटेने पाठवा.

आणि एक्सपोर्टचं बटण पहिल्या दिवसापासून द्या, उद्या टूल बंद पडलं तरी लोकांचं काम त्यांच्याकडे राहील. मोझिलाने हब्ज हे ब्राउझरमधल्या थ्रीडी खोल्यांचं टूल 31 मे 2024 ला बंद केलं, कोड ओपन सोर्स होता म्हणून कम्युनिटीला तो पुढे चालवता आला.