मुलगी रोज बाहेरून जेवण मागवते, घरचं खात नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी १६ वर्षांची आहे, आठवड्यातून पाच-सहा वेळा अ‍ॅपवरून जेवण मागवते, महिन्याला सातेक हजार जातात आणि विषय काढला की भांडण होतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या कोथरूडच्या घरात अगदी हेच चालू होतं.

माझा मुलगा तेव्हा अकरावीत होता. मी ओरडलो, ‘आमच्या वेळी’ची गाणी ऐकवली, पॉकेटमनी बंद केला. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेही ऐकवून झालं. त्यानं मित्राच्या फोनवरून मागवलं.

मग एका रविवारी त्याला शेजारी बसवून अ‍ॅपमधल्या जुन्या ऑर्डर बघितल्या. महिन्यात २३. रकमेवरून बोलणार, तेवढ्यात माझं लक्ष वेळांकडे गेलं. त्यातल्या १९ ऑर्डर रात्री साडेनऊच्या पुढेमागे होत्या, म्हणजे क्लास सुटून, कर्वे रस्त्याच्या गर्दीतून तो घरी पोचायचा तेव्हाच्या.

त्या वेळी आमच्या ओट्यावर काय असायचं? आम्ही दोघंही नोकरीला. स्वयंपाकाच्या मावशी सकाळी सातला येऊन दोन्ही वेळचं करून जायच्या. रात्री साडेनऊला त्या पोळ्यांना चौदा तास झालेले. मी डबा उघडून पोळी मोडून बघितली, तर पापुद्रा सुटेना. गरम केली तर आणखी वातड झाली. कोबीच्या भाजीला पाणी सुटलेलं. आम्ही आठलाच जेवून घ्यायचो, त्यामुळे तो एकटाच जेवायचा. ‘घरचं ताजं सोडून बाहेरचं खातोस’ असं मी त्याला महिनोन्‌महिने म्हणत होतो, आणि त्याच्या वाट्याला येणारं ताजं अन्न बाहेरचंच होतं. फार वाईट वाटलं मला.

मावशींना संध्याकाळी जमण्यासारखं नव्हतं, दुसरी घरं होती. मग आम्हीच आमचं जेवण साडेनऊवर नेलं. मावशी सकाळी कणीक भिजवून फ्रिजमध्ये ठेवतात, रात्री पोळ्या मी लाटतो. कंटाळा आला तर मुगाची खिचडी, थालीपीठ, नाहीतर पिठलं-भात. पहिल्या आठवड्यात लोखंडी कढईत पिठलं केलं होतं. त्यानं फोन बाजूला ठेवला, उलथनं घेतलं आणि ओट्यापाशी उभं राहून तळाची खरपुडी खरवडून खाल्ली. ‘उद्या पण कर’ म्हणाला.

पैशांचं बोलणं त्यानंतर झालं, आणि शांतपणे झालं. एक बिल दोघांनी मिळून वाचलं. शेजवान राईस २२९, पॅकिंग २०, त्यावर ५ टक्के जीएसटी, डिलिव्हरी ३५, प्लॅटफॉर्म फी १२. दारात येईपर्यंत ३०८ रुपये. तोच राईस त्या हॉटेलात १९० ला मिळत होता. अ‍ॅप हॉटेलकडून कमिशन घेतं, म्हणून बरीच हॉटेलं अ‍ॅपवर दर चढे ठेवतात. मी अ‍ॅपमधून माझं कार्ड काढून टाकलं आणि दर एक तारखेला त्याच्या खात्यात बाहेरच्या खाण्याचे १५०० टाकायला लागलो. उरतील ते त्याचे. दुसऱ्याच महिन्यात तो चालत जाऊन पार्सल आणायला लागला. आता महिन्यात चार-पाच वेळा बाहेरचं होतं, बहुतेक शनिवारी, आणि त्यात आम्हीही असतो.

एक मात्र बघा. ती लपवून खात असेल, डबे कपाटात दडवत असेल, किंवा वजन झपाट्यानं बदललं असेल, तर हा प्रश्न पैशांचा नाही. तेव्हा न रागावता डॉक्टरांकडे न्या. तसं नसेल, तर आधी तिच्याबरोबर बसून ऑर्डरच्या वेळा बघा, आणि त्या वेळी घरातला डबा स्वतः उघडून त्यातलं खाऊन बघा.