आधी महिन्याची साखर विचार

सस्नेह आशीर्वाद.

आरोग्य उपकेंद्रावर रुजू झालीस, आता रोज बीपी-शुगरचे पेशंट येतील. त्यांना ‘गोड खाता का?’ असं विचारू नकोस. ‘नाही’ म्हणतील, आणि ते खोटं बोलत नसतात. चहाला आपल्याकडे कुणी गोडात धरतच नाही. घरातल्या बाईला विचार, ‘महिनाले कितली साखर लागस?’ पाच किलो साखर आणि चार माणसं, म्हणजे माणशी रोज जवळपास ४२ ग्रॅम. बिस्किटं, थंडा, उसाचा रस वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेप्रमाणे २,००० कॅलरी घेणाऱ्याला ५० ग्रॅमच्या आत राहायचंय, २५ च्या आत असेल तर उत्तम. गूळ, मध आणि फळांचा रसही यातच धरायचा. गूळ चालतो का, हे हमखास विचारतील. त्यातही बहुतांश साखरच असते, हे स्पष्ट सांग.

साखरेत अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. फ्रुक्टोज मुख्यतः यकृतात जातं. रोजच जास्त झालं की त्याची चरबी बनते, रक्तात ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) चढतं, युरिक ॲसिडही वाढतं. पोट सुटतं, बीपी वाढतं, हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून खराब होत जातात. म्हणून नुसती शुगर बघून थांबू नकोस. टेप लाव: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या वर असेल, तर लिपिड, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणीही करून घे.

किडनी जास्त फसवी. रक्तातली साखर सतत चढी राहिली की सुरुवातीला किडनी जास्तच गाळते, त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) छान दिसतं. तोवर गाळणीला इजा होऊन लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन झिरपू लागलेलं असतं. क्रिएटिनिन वाढेपर्यंत बहुधा निम्मी ताकद गेलेली असते. तुझ्याकडच्या लघवी तपासायच्या साध्या पट्टीवर थोडं अल्ब्युमिन दिसत नाही. डायबेटिसच्या प्रत्येक पेशंटची लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन तपासणी वर्षातून एकदा झालीच पाहिजे. ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या वर आली तर पुन्हा कर, कारण ताप किंवा लघवीच्या जंतुसंसर्गातही ती वाढते.

उन्हाळ्यात केळीच्या बागेत राबणाऱ्यांकडे विशेष लक्ष दे. पाणी कमी, वर थंड्याची बाटली (३०० मिलीत साधारण ३० ग्रॅम साखर), आणि संध्याकाळी अंगदुखीची गोळी. घामाने आटलेल्या शरीरात डायक्लोफेनॅकसारखी ही गोळी किडनीचा रक्तपुरवठा आणखी कमी करते. ताक आणि पाणी सांग. बीपी असेल तर ताक बिनमिठाचं.

आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) मांडे आणि आमरस तोडू नकोस. रसात वरून साखर घालू नका, एवढंच पुरे. खरा हिशेब रोजच्या चार कप चहाचा आहे. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करायला लाव, जीभ सवय लावून घेते. अख्खं केळं या मोजणीत येत नाही, पण किडनी बरीच खराब होऊन पोटॅशियम वाढलं असेल तर केळं बंद. हे आपल्या भागात कुणाला पटत नाही, रिपोर्ट समोर धरून सांग.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) चालू असलेल्याचं गोड, जेवण डॉक्टरांना न विचारता एकदम कमी करू नकोस. हातपाय थरथरले, घाम फुटला, शुगर ७० च्या खाली आली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून दे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपास. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नकोस, १०८ बोलाव.