हारो ही बीएमएक्स कंपनी कशी सुरू झाली? तैवानमध्ये बनलेली जुनी हारो फ्रेम अस्सल असते का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: हारो कुणी काढली, फ्रीस्टाईलची (म्हणजे सायकलवरच्या कसरतींची) पहिली सायकल तिचीच का, आणि तुम्ही घ्यायचा विचार करताय त्या ऐंशीच्या दशकातल्या फ्रेमवर 'मेड इन तैवान' आहे म्हणजे ती नकली का. शेवटच्याचं उत्तर आधी देतो. तेवढ्यावरून नकली म्हणता येणार नाही. बाकीचं वाचलंत की कारण कळेलच.

हारोने सुरुवातीला सायकली विकल्याच नाहीत. नंबर प्लेटा विकल्या. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं मोटोक्रॉसवाल्यांची (मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकलच्या शर्यती करणाऱ्यांची) नक्कल करत २० इंची चाकांच्या सायकली मातीच्या ट्रॅकवर पिटाळायची. यालाच बीएमएक्स म्हणतात. शर्यत म्हटली की हँडलसमोर नंबर लावणं आलंच. सॅन दिएगोकडच्या बॉब हारोला मोटोक्रॉसचं वेड होतं आणि चित्रकलेत हातही चांगला होता. त्याने स्वतःच प्लेटा बनवून त्या झोकात रंगवल्या. दोस्तांनी मागितल्या, मग दोस्तांच्या दोस्तांनी. १९७८ मध्ये त्यातूनच 'हारो डिझाइन्स' उभी राहिली. तेव्हा तो जेमतेम विशीचा होता.

त्याच सुमारास तो बॉब ऑस्बॉर्न यांच्या 'बीएमएक्स ॲक्शन' मासिकासाठी चित्रं काढायचा. ऑस्बॉर्न यांचा मुलगा आर. एल. आणि हारो यांची जोडी जमली आणि शर्यतींच्या मधल्या वेळात दोघं सायकलवरच्या कसरती दाखवू लागले. १९८० मध्ये ॲरिझोनातल्या एका मोठ्या शर्यतीत त्यांनी प्रेक्षकांसमोर खेळ केला. फ्रीस्टाईलचा इतिहास सांगणारे बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात.

हारोच्या नावावर असलेली 'रॉक वॉक' ही कसरत जुन्या व्हिडिओंत जरूर बघा. पुढचा ब्रेक दाबून मागचं चाक उचलायचं, पुढच्या चाकाभोवती सायकल अर्धी फिरवायची, मग मागच्या चाकावर तोल घेऊन पुढचं चाक अर्धं फिरवायचं, आणि हे न थांबता. सायकल पावलं टाकत चालल्यासारखी दिसते. आज ही कसरत कुणी स्पर्धेत केली तर पंच जांभया देतील, पण त्या काळात लोक तोंडात बोटं घालायचे.

पण शर्यतीची सायकल अशा खेळांसाठी बनलेलीच नसते. ती हलकी असते आणि पुढे पळायचं एवढंच तिचं काम. तिच्यावर एका चाकावर उड्या मारल्या, पुढच्या फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्यावर) सगळं वजन टाकलं, फ्रेमवर उभं राहिलं, की जोडाला कधी ना कधी तडा जायचा. म्हणून १९८२ च्या सुमारास हारोने 'फ्रीस्टायलर' ही फ्रेम आणि फोर्क बाजारात आणला. खास फ्रीस्टाईलसाठी म्हणून विकलेली पहिली फ्रेम असा मान साधारणपणे हिलाच देतात, आणि मलाही तो पटतो. जीटी, हच, रेडलाइन, स्कायवे या इतर कंपन्यांच्या कसरतीच्या सायकली बाजारात गाजल्या त्या यानंतर.

एक गैरसमज नेहमी दिसतो. 'ई.टी.' सिनेमात स्टंट करणाऱ्या पोरांमध्ये बॉब हारो होता हे खरं, पण त्यातल्या सायकली हारोच्या नव्हत्या. त्या ओसाकाच्या कुवाहारा कंपनीच्या.

आता तुमच्या तैवानकडे येतो. 'फ्रीस्टायलर'ची रचना हारोची, पण वेल्डिंग टॉर्कर नावाच्या कॅलिफोर्नियातल्याच कंपनीचं. १९८४ च्या आसपास टॉर्करचं दिवाळं निघालं आणि हारोचं काम तैवानच्या कारखान्यात गेलं. 'मास्टर', 'स्पोर्ट', 'एफएसटी' ही जी मॉडेलं पोरांनी भिंतीवरच्या पोस्टरमध्ये पाहिली, ती प्रामुख्याने याच तैवानी जमान्यातली. त्यामुळे 'हारोचा मूळ कारखाना' शोधण्यात अर्थ नाही. माझ्या मते त्या कंपनीचं खरं भांडवल रंगसंगती, अक्षरं आणि कसरती करणाऱ्या कुणाला आपल्या संघात घ्यायचं याची पारख हेच होतं. रॉन विल्करसन, ब्रायन ब्लायथर, डेनिस मॅकॉय, डेव्ह नूरी... नुसती यादी वाचली तरी दबदबा कळतो. १९८९ मध्ये कॅनडातल्या किचनरला मॅट हॉफमनने हवेत अडीच गिरक्या घेऊन '९००' पहिल्यांदा स्पर्धेत उतरवली, तेव्हा तोही हारोच्याच संघात होता.

बॉब हारोने मात्र ऐंशीचं दशक सरायच्या आत कंपनी विकली. त्याच्या गुडघ्यांनी त्याआधीच दगा दिला होता. लवकरच सगळा धंदाच बसला. पोरं माउंटन बाइककडे वळली आणि कंपन्यांनी खेळाडूंचे पैसे कापले. हॉफमनने बाहेर पडून ओक्लाहोमा सिटीत स्वतःची 'हॉफमन बाइक्स' काढली, आणि ती गोष्ट हारोइतकीच मोठी आहे. वेगळा प्रश्न विचारलात तर लिहीन. हारो टिकली, नव्वदच्या दशकात डेव्ह मिरा आणि रायन नाइक्विस्ट या खेळाडूंच्या जोरावर पुन्हा वर आली, आणि आजही सायकली विकते.

तर फ्रेम १९८५ नंतरची असेल आणि तैवानचा शिक्का असेल तर त्यात वावगं काही नाही. विक्रेता '१९८२-८३ ची पहिली फ्रीस्टायलर' म्हणत असेल आणि वर तैवानचा शिक्का असेल, तर मात्र पैसे खिशातच ठेवा. दोन्ही बाबतीत फ्रेमची पुढची नळी आणि तिचे जोड उजेडात नीट बघा. नवा रंग दिलेला असेल तर बोट फिरवून बघा. ऐंशीच्या दशकातल्या पोराने वापरलेल्या फ्रेमला तिथेच चीर पडलेली असण्याची शक्यता जास्त, आणि स्टिकर मात्र आज कुणीही नवे छापून चिकटवू शकतो.