टेबलाखालचा नवरा

प्रश्न : फ्रेंच नाटककार मोलिएरचं ‘तार्त्यूफ’ बसवतोय. धार्मिकतेचं ढोंग करणारा तार्त्यूफ पहिले दोन अंक येतच नाही. त्याला आधी आणावं का? टेबलाचा प्रवेशही पडतो.

उत्तर : मुळीच आणू नका. दोन अंक घर त्याच्यावरून भांडतं, तेव्हा कुठे तिसऱ्या अंकात तो येतो. मोलकरीण दोरीन दिसताच ‘माझा चाबूक ठेव’ (स्वतःला फटके मारून प्रायश्चित्त घ्यायचा) असं नोकराला ऐकवतो. आधी नजर, मग वाक्य. क्रम चुकला की हशा गेला.

टेबलावरचं कापड जमिनीला टेकू द्या. तार्त्यूफचं खरं रूप दाखवायला घरधनीण एल्मिर नवऱ्याला टेबलाखाली लपवते; तिचा खोकला ही त्याला खूण. खोकला चढत गेला पाहिजे. तार्त्यूफ ज्येष्ठमध देतो, तेही गंभीरपणेच! नट डोळे मिचकावतो, तिथेच प्रवेश पडतो. ढोंग खरं वाटलं म्हणूनच तर १६६४ ला नाटकावर बंदी आली. उठली १६६९ ला.