वाचकांचे प्रश्न : मुंबईचे तिकीट आणि रिकामा तांब्या

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. मी सोळा वर्षांची असून अकरावी वाणिज्य शाखेत शिकते. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी दर वर्षी नाटकात काम केले आणि दोनदा बक्षीसही मिळवले. मला अभिनयातच पुढे जायचे आहे. ‘झुंड’मध्ये नागपूरच्या वस्त्यांतील मुलांना थेट पडद्यावर संधी मिळाली, मग ती मला का मिळू नये, असे सारखे वाटते. मुंबईत राहणारी माझी आतेबहीण म्हणते की बारावीपर्यंत थांबलीस तर उशीर होईल, आताच निघून ये. आईबाबा मात्र ‘आधी पदवी घे’ याच्या पुढे बोलायला तयार नाहीत. त्यातच एका कार्यशाळेत सर्वांसमोर मला ऐकवण्यात आले की माझ्या बोलण्यातला नागपुरी हेल गेल्याशिवाय मला कोणी उभे करणार नाही. मी काय करावे?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आतेबहिणीच्या आग्रहापासून सुरुवात करू, कारण घरातला वाद त्यावरूनच पेटलेला दिसतो. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तू स्वतः केलेल्या कराराला कायद्याच्या दृष्टीने काही किंमत नाही. सही पालकांचीच लागते, आणि जबाबदार निर्माता अल्पवयीन मुलीला पालकांपैकी कोणी सोबत असल्याशिवाय चित्रीकरणाला बोलावत नाही. म्हणजे तू आज मुंबईला जाणे याचा अर्थ तुझ्या आईने किंवा बाबांनी इथले घर आणि नोकरी सोडून तुझ्याबरोबर जाणे असा होतो, आणि तेही हातात एकही काम नसताना. याचा हिशेब आतेबहिणीने केलेला नाही.

शिवाय पहिल्या चाचणीसाठी आता प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागत नाही. पूर्वी वर्सोव्याच्या आरामनगरात दारोदार फिरून नाव नोंदवावे लागे. आता बहुतेक ठिकाणी आधी सेल्फ टेप मागवतात, म्हणजे दिलेला प्रसंग घरी मोबाईलवर चित्रित करून पाठवायचा. मोबाईल आडवा आणि स्थिर ठेवावा, मागे साधी भिंत असावी, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर समोरून पडावा. सुरुवातीला कॅमेऱ्याकडे पाहून नाव, वय, उंची आणि गाव सांगावे. प्रसंग सुरू झाल्यावर मात्र नजर कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला, समोरच्या पात्राकडे असावी. त्या पात्राची वाक्ये कोणीतरी कॅमेऱ्यामागून हलक्या आवाजात वाचावी लागतात, आणि हे काम तू बाबांना द्यावेस असे मी सुचवीन. चार वेळा तुझ्यासमोर संवाद वाचले की तू नेमके काय करू पाहतेस हे त्यांना माझ्या उत्तरापेक्षा अधिक लवकर कळेल.

आता खरा प्रश्न असा की त्या टेपमध्ये दिसणारी मुलगी तयार आहे का. स्नेहसंमेलनाची बक्षिसे मी कमी लेखत नाही, परंतु तिथे टाळ्या वाजवणारे निम्मे लोक आपल्या घरचे असतात. काही वर्षांपूर्वी हौशी राज्य नाट्य स्पर्धेसाठी आम्ही एक नाटक बसवत होतो. धरमपेठेतील एका शाळेचा वर्ग तालमीसाठी मिळाला होता आणि डिसेंबरच्या थंडीत सगळे स्वेटर घालून उभे राहत. तुझ्याच वयाच्या एका मुलीला त्यात एकच प्रवेश होता : आतून पाण्याचा तांब्या घेऊन यायचे, तो सासऱ्यांसमोर ठेवायचा, ‘जेवायला वाढू का’ असे विचारायचे आणि परत जायचे. ती वाक्य सुरेख म्हणायची, पण तांब्या दोन बोटांनी गळ्याला धरून यायची, त्यामुळे तो रिकामा आहे हे शेवटच्या बाकावरूनही कळायचे. मी चार दिवस तिला तो काठोकाठ भरून आणायला लावला. पहिल्या दिवशी निम्मे पाणी फरशीवर सांडले. दुसऱ्या दिवशी चाल मंदावली, डावा हात आपोआप तांब्याच्या बुडाशी गेला, नजर आधी पाण्यावर आणि मग सासऱ्यांवर गेली. पाचव्या दिवशी आम्ही तांब्या पुन्हा रिकामा केला, पण तिच्या हाताने ते वजन सोडले नाही आणि वाक्यही आता वेगळ्याच आवाजात आले. त्या मुलीला त्या वर्षी कोणतेही बक्षीस मिळाले नाही. मला मात्र त्या नाटकातले तेवढेच आज नीट आठवते.

अशा तालमी तुला नागपुरातच मिळतील आणि त्यांना फारसा खर्चही येत नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे केंद्र आपल्या शहरात असते, आणि लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात हौशी संस्थांचे प्रयोग पाहायला जाऊन बसणे हेच पहिले शिक्षण आहे. प्रयोग संपल्यावर रंगमंचामागे जाऊन दिग्दर्शकाला भेटावे आणि ‘पुढच्या नाटकात कोणतेही काम द्या’ असे स्पष्ट सांगावे. बहुधा प्रकाशयोजनेच्या वायरी गुंडाळण्याचे किंवा संहिता हातात धरून चुकलेल्यांना शब्द पुरवण्याचे काम मिळेल. ते घ्यावे, कारण शब्द पुरवणाऱ्याला महिनाभरात सगळ्यांच्याच भूमिका पाठ होतात आणि कोणी आजारी पडले की दिग्दर्शकाची नजर त्याच्याकडेच वळते.

झाडीपट्टीचा उल्लेख कोणीतरी तुझ्यापाशी करीलच. दिवाळीनंतर वडसा परिसरातून निघणाऱ्या मंडळ्या पूर्व विदर्भात गावोगाव रात्रभराचे प्रयोग करतात, त्यात कलाकाराला रोख मानधन मिळते, आणि २०२३ मध्ये या रंगभूमीवरील डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यापासून शहरातही तिची चर्चा होऊ लागली आहे. तो कस लावणारा व्यवसाय आहे. पण अकरावीतल्या मुलीने रात्रभर प्रयोग करून सकाळी महाविद्यालयात जाणे शक्य नाही, तेव्हा सध्या प्रेक्षक म्हणून एक रात्र जाऊन यावे आणि तेवढ्यावर थांबावे.

हेलाबद्दल तुला सर्वांसमोर बोलणाऱ्याने अर्धेच सांगितले आणि तेही वाईट रीतीने. ‘मी येऊन राहिली’ हे वाक्य चुकीचे नाही. ते नागपूरच्या घराचे वाक्य आहे. मात्र पेशव्यांच्या काळातल्या किंवा पुण्यातल्या डॉक्टरच्या भूमिकेत ते तोंडून निसटले तर चालणार नाही, म्हणून प्रमाण मराठी दुसऱ्या पोशाखासारखी कपाटात तयार असावी. रोज पंधरा मिनिटे वृत्तपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाच, ध्वनिमुद्रित कर आणि ‘ण’चा ‘न’ होतो का, ‘डोळा’ म्हणताना तोंडातून ‘डोया’ निघतो का, एवढेच ऐक. त्याच वेळी आजीच्या बोलण्यातले शब्द वहीत उतरवून ठेव. तू ज्या ‘झुंड’चा दाखला देतेस, तो २०२२ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट नागपूरच्या झोपडपट्टीतील फुटबॉलचा होता आणि त्या मुलांचे इथले असणे, इथले बोलणे हीच त्यांची पात्रता ठरली. जो हेल घालवण्याचा सल्ला तुला मिळाला, तोच तिथे दिग्दर्शकाला हवा होता. पण अशी कथा आपल्या दारी कधी येईल हे आपल्या हातात नसते आणि त्यातल्या एका मुलामागे न निवडलेली किती मुले होती, याची बातमी छापून येत नाही.

आईबाबांच्या ‘आधी पदवी’ला तू अडथळा समजतेस, पण या क्षेत्रातल्या दोन मोठ्या शिक्षणसंस्थाही तेच म्हणतात. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या ३ वर्षांच्या अभ्यासक्रमाला आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या अभिनय अभ्यासक्रमाला पदवीधरच अर्ज करू शकतो, आणि नाट्य विद्यालय तर नाटकांत काम केल्याचा अनुभवही पाहते. घाई असेल तर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर नाट्यविषयाच्या पदवीला प्रवेश घेता येतो. हा मार्ग घरी मांडून पाहा, कारण त्यात पदवीही आहे आणि नाटकही. खरोखरच एखादे मोठे काम आले आणि वर्गात बसणे अशक्य झाले, तर बारावीला १७ क्रमांकाचा अर्ज भरून बाहेरून बसण्याची सोय आहे. परंतु काम येण्याआधीच वर्ग सोडू नये.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा असून आठवीत आहे. एका मॉलमध्ये झालेल्या निवडीत तो ‘पास’ झाला. आता आयोजक म्हणतात की ३५ हजार रुपये भरल्यास छायाचित्रांचा अल्बम आणि कलाकार कार्ड मिळेल व मुंबईतील मालिकेत काम नक्की. रक्कम तीन दिवसांत भरायची आहे. काय करावे?
— एक पालक, नंदनवन, नागपूर

उत्तर : भरू नये. भूमिकेसाठी कलाकार निवडणाऱ्याचे मानधन निर्माता देतो, कलाकाराचे वडील देत नाहीत. आणि चाचणी देण्यासाठी कोणतेही कार्ड लागत नाही. तीन दिवसांची मुदत ही आपण कोणाला विचारू नये म्हणूनच घातलेली असते.

आपला मुलगा चौदा वर्षांखालील असल्यामुळे त्याला बालकामगार कायद्याचे २०१७ मधील नियम लागू होतात आणि ते आपल्याला ठाऊक असलेले बरे. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात व्हायचे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने आधी घ्यावी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय ३ तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही, सलग २७ दिवसांपलीकडे काम चालवता येत नाही, आणि मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावा लागतो. आयोजकांना एवढेच विचारावे की मालिकेचा निर्माता कोण आहे आणि परवानगीचा अर्ज कोणत्या जिल्ह्यात केला आहे. उत्तरादाखल पुन्हा अल्बमचीच गोष्ट निघाली तर पुढचे बोलणे नको.

मुलाला हौस असेल तर बालनाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या एखाद्या संस्थेत अवश्य पाठवा. छायाचित्रे लागलीच तर सकाळच्या उजेडात गच्चीवर मोबाईलने दोन काढा, एक चेहऱ्याचे आणि एक पूर्ण उंचीचे, साध्या शर्टात आणि पावडर न लावता. तेराव्या वर्षी मूल महिन्यामहिन्याला बदलते, ओठांवर लव येते, आवाज फुटतो, पॅन्ट आखूड होते. आज ३५ हजारांत काढलेला अल्बम पुढच्या दिवाळीपर्यंत दुसऱ्याच कोणाचा तरी वाटू लागेल.