दारूला शिवत नाही, मग पोट कशानं बिघडलं?

गेल्या पावसाळ्यात बेळगावातल्या अनगोळची एक आई मुलाला घेऊन माझ्याकडे आली होती (ओळख कळू नये म्हणून थोडं बदलून सांगतेय). बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, ह्यो दारूला शिवत पण नाही ओ, मग पोट कशानं एवढं दुखतंय ह्याचं?" हाच प्रश्न हल्ली बऱ्याच घरांतनं येतो म्हणून लिहितेय.

पोरगा २३ वर्षांचा, उद्यमबागेत कारखान्यात नाईट शिफ्टला. मान खाली, आतनं गाल सारखा चावतोय, ओठ फुटलेले, आणि पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली तीन नवी भोकं. दोन महिने नुसत्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या. आईला चहाला बाहेर पाठवलं तेव्हा बोलला, झोप येऊ नये म्हणून मित्रानं क्रिस्टल म्हणजे मेथ नावाचं नशेचं ड्रग दिलं, आधी शनिवारी मग रोज, आणि आता संडासला रक्त पडतंय ते घरात कुणालाच माहीत नाही.

मेथ काय, कोकेन काय, ह्यांनी रक्तवाहिन्या आवळतात, आतड्याच्या पण. उसाला पाणी सोडताना पाट अर्धा अडवला की टोकाच्या सऱ्या कोरड्या राहतात ना, तसंच, मोठ्या आतड्याचे जे भाग रक्तपुरवठ्याच्या टोकाला असतात ते आधी उपाशी पडतात, अस्तर सोलतं, कळ येते, रक्त पडतं. जास्त झालं तर आतडं काळं पडून फुटतं, मग ऑपरेशन, जीवावरच बेततं. भूक मरते, तोंड कोरडं पडून दात किडतात ते वेगळंच. गोळीनं जळजळ दबते, आवळलेली नस सुटत नाही!

त्याच संध्याकाळी हॉस्पिटलला पाठवलं, एकच अट घालून, डॉक्टरला काय घेतलंस ते खरं सांगायचं. पोलिसांना कळेल म्हणून तो घाबरत होता. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कलम ६४अ आहे, थोड्या मालाच्या केसमध्ये स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला त्यात संरक्षण आहे, हे सांगितल्यावर जरा सैल झाला. आतड्याला सूज, जखमा निघाल्या, पण फुटलं नव्हतं. सलाईनवर ठेवलं, मेथ बंद, ऑपरेशन टळलं.

पोट एकदम कडक झालं, कळ थांबेना, रक्त दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच न्या. बोलायला कुणी नसेल तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास.

आठव्या दिवशी आईचा फोन, आवाज भरलेला, "ताई, आज पेज मागून घेतली ओ त्यानं."