तुमचे प्रश्न: जुना रंगीबेरंगी बॅटमॅन परत बघताना

मागच्या अंकात १९६६ च्या बॅटमॅन मालिकेबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आलीत की यावेळी अख्खा कॉलम तिलाच देतेय. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेत एबीसी चॅनलवर १२ जानेवारी १९६६ ला सुरू झाली, १४ मार्च १९६८ ला संपली, तीन सीझन, १२० भाग. अ‍ॅडम वेस्ट बॅटमॅन, बर्ट वॉर्ड त्याचा पोरगेला साथीदार रॉबिन, आणि मारामारी सुरू झाली की पडद्यावर ढॅण ढिश्शूम छाप मोठ्ठाली रंगीत अक्षरं.

प्रश्न (न्यू जर्सीहून): ताई, आईबाबा सत्तरच्या दशकात इकडे आले. शाळेतून घरी आलो की जुन्या बॅटमॅनचे रिपीट भाग लागायचे आणि मी गळ्यात टॉवेल बांधून सोफ्यावरून उड्या मारायचो. आता सगळ्या भागांचा डिस्क सेट आणलाय आणि बघतोय तर ही चक्क कॉमेडी आहे! तेव्हा मला सगळं खरं वाटायचं. मग मी तेव्हा नक्की काय बघत होतो?

तुम्ही तेव्हा बघत होतात ते पण खरं आणि आता बघताय ते पण खरं, कारण ती बनवलीच तशी आहे. निर्माता विल्यम डोझियर आणि लेखक लोरेन्झो सेम्पल ज्युनियर यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं की लहान मुलांनी जीव मुठीत धरून बघायचं आणि शेजारी बसलेल्या आईबापांनी पोट धरून हसायचं, दोघांना एकच सीन. भागाच्या शेवटी "पुढे काय होणार?" असं घाबऱ्याघुबऱ्या विचारणारा जो आवाज आहे ना, तो पण डोझियरचाच. आणि तो बुधवारी विचारायचा, उत्तर गुरुवारी, त्यामुळे एक रात्र मुलांचा जीव टांगणीला.

पहिलाच भाग परत लावून बघा. बॅटमॅन रिडलरच्या, म्हणजे कोडी घालणाऱ्या खलनायकाच्या, मागावर एका डिस्कोत जातो. रॉबिन वयात आलेला नाही म्हणून त्याला बाहेर गाडीतच बसवतो, कायदा म्हणजे कायदा. आत गेल्यावर वेटर टेबल द्यायला बघतो तर हा म्हणतो नको, मी बारपाशीच उभा राहतो, उगाच लोकांचं लक्ष नको वेधायला. अंगावर जांभळटनिळी केप, डोक्यावर कान असलेला मुखवटा! आणि मागवतो काय, तर ताजा संत्र्याचा ज्यूस. त्यात गुंगीचं औषध असतं, मग तो डोळ्यांसमोर दोन बोटं फिरवत तो प्रसिद्ध नाच करतो आणि तिकडे बाहेर रॉबिन पळवला जातो. आठ वर्षांच्या मुलाला यात फक्त रॉबिन दिसतो, त्याचं आता काय होणार एवढंच. तुम्हाला आता बाकीचं दिसायला लागलं. मला तर हे फार भारी वाटतं, एकाच वीस-पंचवीस मिनिटांत दोन मालिका लपवून ठेवायच्या आणि दुसरी सापडायला माणसाने चाळिशी गाठायची.

आणि हो, हा सेट घरी यायला २०१४ साल उजाडलं कारण मालिका ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सची आणि पात्रं वॉर्नरकडची, हक्कांचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं होतं.

प्रश्न (ठाण्याहून): मी बघायला बसले की नवरा म्हणतो ही काय अ‍ॅक्टिंग आहे, हा काय सेट आहे, भिंतीवर चढताना सरळ कळतंय की जमिनीवर चालतायत. त्याला हल्लीचे काळेकुट्ट गंभीर बॅटमॅन आवडतात. त्याला काय सांगू?

त्यांना सांगा की भिंतीचं कळतंय कारण ते कळावं अशीच इच्छा होती. भिंत आडवी ठेवायची, कॅमेरा नव्वद अंशात फिरवायचा, दोघं दोर धरून वाकून चालतात आणि केप खाली लोंबतेय असं वाटावं म्हणून ती दोऱ्याने ओढून धरायची. आणि मध्येच एक खिडकी उघडते, कोणीतरी डोकं बाहेर काढून "काय चाललंय?" विचारतं, आणि ते डोकं म्हणजे खरोखरचा स्टार असतो, जेरी लुइस, सॅमी डेव्हिस ज्युनियर, असे लोक. त्या काळी या खिडकीत झळकायला रांग लागायची.

आता अ‍ॅक्टिंग. अ‍ॅडम वेस्टला वाईट नट म्हणणाऱ्यांशी मी कायम भांडत आलेय. तुम्ही त्याची वाक्यं नीट ऐका, तो कुठे थांबतो ते बघा. रिडलरचं कोडं आलं की तो एक शब्द बोलतो, थांबतो, लांब कुठेतरी बघतो, मग पुढचे चार शब्द भराभर टाकतो. शाळेत पंधरा ऑगस्टला भाषण करणाऱ्या हेडमास्तरांइतका तो गंभीर असतो आणि एकदाही, अगदी एकदाही, हसू फुटू देत नाही. समोरचे सगळे खलनायक किंचाळतायत, नाचतायत, आणि मधे हा एक माणूस शांतपणे रस्ता ओलांडायचे नियम सांगतोय. त्याने एक जरी डोळा मारला असता ना प्रेक्षकांकडे बघून, तर मुलांची मालिका तिथेच मेली असती. हे करायला किती ताबा लागतो हे ज्याने कधी स्टेजवर विनोदी काम केलंय त्याला विचारा.

नवऱ्याला अजून एक दाखवा. खलनायकाच्या अड्ड्यावर सीन आला की कॅमेरा तिरका होतो, अख्खी फ्रेम कललेली. पोलीस कमिशनरच्या ऑफिसात आला की परत सरळ. वाकड्या माणसांची दुनिया वाकडी, इतकं साधं आणि इतकं ठाम. स्वस्तात उरकायचं असतं तर कोणी हे केलं नसतं.

प्रश्न (पुण्याहून): मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला दाखवू का? आम्ही शक्तिमानवर वाढलो, त्याला तसं काहीतरी मिळावं असं वाटतं.

दाखवा, बिनधास्त. शक्तिमानच्या शेवटी "सॉरी शक्तिमान" म्हणत मुलं चूक कबूल करायची आणि तो समजावून सांगायचा, आठवतंय ना? इथे तोच उपदेश गोष्टीच्या आतच येतो. गाडी सुरू करायची घाई असली तरी बॅटमॅन रॉबिनला आधी बेल्ट लाव म्हणतो. हे १९६६ मध्ये! अमेरिकेत नव्या गाड्यांना सीटबेल्ट सक्तीचे झाले १९६८ पासून. अभ्यास, दूध, पार्किंगचे पैसे, सगळ्यावर त्याचं एक वाक्य असतंच.

फक्त सुरुवातीच्या भागांत एकदोन जागा आहेत तिथे तुम्ही शेजारी बसा. पहिल्या कथेत रिडलरची साथीदार मॉली बॅटकेव्हमधल्या, म्हणजे बॅटमॅनच्या गुप्त गुहेतल्या, अणुभट्टीत पडून मरते, आणि त्याच्या पुढच्याच कथेत पेंग्विन नावाचा खलनायक ब्रूस वेनला, म्हणजे मुखवट्याशिवायच्या बॅटमॅनला, सरकत्या पट्ट्यावर घालून भट्टीकडे पाठवतो आणि भाग तिथेच संपतो. पुढचा भाग लगेच लावा, दुसऱ्या दिवसावर नका ढकलू. मोठ्यांनी मात्र एक दिवस थांबावं असं माझं मत आहे, ती मजा वेगळीच.

प्रश्न (म्हापशाहून): कॅटवुमन मध्येच बदलते. एकूण किती जणी होत्या आणि का?

या मांजरीच्या वेशातल्या चोरणीचं काम करणाऱ्या तिघी. पहिल्या दोन सीझनमध्ये ज्युली न्यूमार. १९६६ च्या उन्हाळ्यात यावरच सिनेमा काढला त्यात ली मेरिवेदर. आणि तिसऱ्या सीझनमध्ये अर्था किट, कारण तोपर्यंत न्यूमार 'मॅकेनाज गोल्ड'च्या शूटिंगला गेली होती. हो, तोच, आपल्याकडे थेटरात तुफान चाललेला मॅकेनाज गोल्ड, त्यातली ती एक शब्द न बोलणारी हेश-के म्हणजे आपली कॅटवुमन. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी लोकांनी तिला पाहिलंय आणि त्यांना पत्ता नाही.

न्यूमारच्या भागांत बॅटमॅन तिच्यापुढे विरघळतो, कर्तव्य की प्रेम असं त्याचं चाललेलं असतं आणि ते दोघं ते इतकं गोड करतात की दरवेळी वाटतं आता हा मुखवटा काढतोय. अर्था किट आली आणि तो धागा कापला गेला. १९६७ च्या अमेरिकन टीव्हीवर गोरा हिरो आणि काळी नटी यांच्यात तसलं काही दाखवायची तयारी नव्हती, आणि मला ते आजही बघताना खटकतं. पण तिने काय केलं बघा, प्रेम काढून घेतलं तर तिने धार वाढवली. तो घशातून "र" लांबवत गुरगुरणारा आवाज, बारीक अंग, एका जागी स्थिर नाही. मोजकेच भाग आहेत तिचे पण बाकीच्यांना पुसून टाकते. जानेवारी १९६८ मध्ये व्हाइट हाउसमधल्या जेवणाला बोलावलं होतं तर तिथे राष्ट्राध्यक्षांच्या बायकोसमोर तिने व्हिएतनाम युद्धाबद्दल सडेतोड सुनावलं, आणि त्यानंतर अमेरिकेत तिला कितीतरी वर्षं काम मिळणं बंद झालं. तिचे भाग बघताना हे माहीत असावं.

प्रश्न (नागपूरहून): जोकरच्या पांढऱ्या रंगाखाली मिशी दिसते की मला भास होतोय?

भास नाही, मिशीच आहे. सीझर रोमेरोने ती काढायला साफ नकार दिला, मग वरूनच पांढरा रंग फासला. क्लोजअपमध्ये तर सरळ दिसते. आणि पेंग्विनचं ते "क्वॅक क्वॅक" पण असंच, बर्जेस मेरेडिथने सिगारेट सोडलेली होती आणि भूमिकेसाठी परत ओढावी लागायची, घशाला त्रास व्हायचा, तो खोकला लपवायला त्याने बदकाचा आवाज काढला आणि तीच त्याची ओळख झाली.

प्रश्न (सोलापूरहून): एवढी गाजली तर दोनच वर्षांत बंद का पडली? आणि नंतर अ‍ॅडम वेस्टचं काय झालं?

खर्च आणि ओसरलेली नवलाई. पहिल्या सीझनमध्ये ती रंगीत अक्षरं चालू मारामारीवरच चिकटवलेली दिसतात, ते काम महाग पडायचं, म्हणून पुढे नुसत्या रंगीत पाटीवर अक्षरं यायला लागली आणि मारामारी मध्येच तुटायला लागली. तिसऱ्या सीझनमध्ये आठवड्याला एकच भाग केला, त्यामुळे शेवटी टांगून ठेवायची मजाच गेली. बॅटगर्ल आणली, इव्हॉन क्रेगने ती झकास केली, पण सेट बघा, काळ्या पडद्यासमोर एक खिडकी आणि एक खुर्ची, झालं घर. बंद झाल्यावर एनबीसी चॅनल पुढे चालवायला तयार होतं पण तोपर्यंत बॅटकेव्ह तोडून टाकली होती. ती परत उभी करायला लागणारा पैसा बघून त्यांनी नाद सोडला. मला याचं अजून वाईट वाटतं.

वेस्टला नंतर काम मिळेना. सगळ्यांना तो फक्त बॅटमॅनच दिसायचा. पण १९९२ मध्ये बॅटमॅनची कार्टून मालिका आली त्यात एक भाग आहे, ग्रे घोस्ट नावाच्या जुन्या टीव्ही हिरोचं काम केलेला नट, आता विसरला गेलेला, पैशासाठी जुन्या वस्तू विकणारा, आणि लहानपणी त्याला बघून घडलेला बॅटमॅन त्याच्याकडे मदत मागायला येतो. त्या नटाचा आवाज अ‍ॅडम वेस्टचा. मालिका परत बघून झाली की हा भाग बघाच. २०१७ मध्ये वेस्ट गेला तेव्हा लॉस एंजेलिसच्या सिटी हॉलवर बॅटसिग्नल, म्हणजे बॅटमॅनला बोलावायचा तो वटवाघळाच्या आकृतीचा प्रकाशझोत, लावला होता.

प्रश्न (डोंबिवलीहून): १२० भाग बघायला वेळ नाही. कुठून सुरू करू, काय सोडू?

पहिली कथा, दोन भाग, फ्रँक गॉर्शिनचा रिडलर. तो माणूस हसता हसता अचानक गप्प होतो तिथे खरंच भीती वाटते. मग १९६६ चा सिनेमा, त्यात बॅटमॅन पेटती वात असलेला गोल बॉम्ब डोक्यावर धरून बंदरावर पळतो आणि फेकायला जागाच मिळत नाही, इकडे नन, तिकडे बाबागाडी घेऊन आई, पाण्यात बघतो तर बदकांची पिल्लं. मग दुसऱ्या सीझनमधली पेंग्विन महापौरपदाला उभा राहतो ती कथा. पेंग्विन गाणीबजावणी, फुकट खाणंपिणं सगळं करतो आणि बॅटमॅन नुसते मुद्दे मांडत बसतो आणि मागे पडत जातो. निवडणुकीच्या मोसमात घरच्यांबरोबर बघा, दर दोन मिनिटांनी कोणीतरी आपल्या वॉर्डातल्या उमेदवाराचं नाव घेतं. त्यानंतर न्यूमारचे सगळे भाग, आणि शेवटी अर्था किटचे. तिसऱ्या सीझनमधलं बाकीचं सोडलंत तरी चालेल, फक्त जोकर आणि बॅटमॅन समुद्रात सर्फिंगची स्पर्धा लावतात तो भाग मात्र नका सोडू, दोघंही आपापल्या पोशाखावर चड्ड्या चढवून लाटेवर उभे राहतात.